पाण्यातून सायकलवर, सायकलवरून पळत!

मुलांनो, तुमच्यापैकी पोहता कुणाकुणाला येतं? हात वर करा बघू. बरं, सायकल कुणाला येते? हं, इथे बरेच हात वर आले! आणि पळता? पळता तर सगळ्यांनाच येतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्याचं रोज प्रात्यक्षिक असतं! आता खरा प्रश्न. हे तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता, कुणी करून पाहिलंय? म्हणजे आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर आलं की ओल्या अंगाने सायकलवर बसायचं आणि सायकलवरून उतरलं की लगेच पळत सुटायचं. घड्याळ मात्र पाण्यात उतरल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत चालूच!

या खेळाला म्हणतात ट्रायथलॉन. नाव ग्रीक भाषेतल्या शब्दांवरून बनवलं आहे, 'तीन' आणि 'स्पर्धा' अशा दोन शब्दांवरून. म्हणून तुम्हांला वाटेल, हा खेळ फार पुरातन असणार. छे! जुन्या ग्रीकांच्या वेळी सायकल होती कुठे? खेळ अगदी अलीकडचा, तुमच्या आजी-आजोबांच्या तरुणपणातला आहे.

यात अंतरं वेगवेगळी असतात. ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं. त्याच्या बरोबर निम्मं अंतर असलं की त्याला 'स्प्रिंट' म्हणतात: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. आणि सगळ्यांत दांडगा प्रकार म्हणजे 'आयर्नमॅन', लोहपुरुष! त्यात ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर ४२.२ किलोमीटर पळायचं. १८० किलोमीटर म्हणजे किती, तर बारामती ते इंदापूर अशा जवळजवळ साडेतीन खेपा. आणि हे सगळं एकाच दिवसात, बरं का!

मी सध्या यातल्या स्प्रिंटची, म्हणजे धाकट्या भावाची, तयारी करते आहे. इंदापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते आणि राहते बारामतीत. मी काही खेळाडू नाही. डी.एड.ला असताना गोळाफेकीत नाव दिलं होतं, तेवढीच माझी क्रीडा-कारकीर्द. पस्तिशीत पोहायला शिकले. त्यामुळे जे सांगणार आहे ते अगदी पहिल्या पायरीवरचं. वरच्या पायऱ्यांचं सांगायला मोठे प्रशिक्षक आहेतच.

आधी थोडी या खेळाच्या जन्माची गोष्ट. १९७४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात मिशन बे नावाच्या खाडीकाठी ४६ जण जमले. पळण्याचा नेहमीचा सराव करून कंटाळलेल्या मंडळींनी गंमत म्हणून ही नवी शर्यत काढली होती. शर्यत संध्याकाळची, त्यामुळे मागे राहिलेले पाण्यात असतानाच अंधार पडला. मग काठावर मोटारी उभ्या करून त्यांचे दिवे पाण्याच्या दिशेने लावले, म्हणजे बिचाऱ्यांना किनारा तरी दिसावा! जगातल्या पहिल्या ट्रायथलॉनचा थाट हा असा होता.

पुढे हवाई बेटांवर वाद रंगला. सगळ्यांत दमदार कोण? पोहणारा, सायकलवाला की पळणारा? जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने तोड काढली. बेटावर तिन्हींच्या लांब पल्ल्याच्या शर्यती होत्याच, त्यांची अंतरं एकाला एक जोडून टाकली. १९७८ साली १५ जण सुटले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. पहिला आला गॉर्डन हॉलर, पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ घेऊन. खरं तर बराच वेळ पुढे होता जॉन डनबार. पण पळताना त्याच्या मदतनिसांजवळचं पाणी संपलं आणि तो मागे पडला. ही पाण्याची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्येही दाखल झालं.

आणि आपल्याकडे? जानेवारी २०२५ मध्ये उत्तराखंडात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. हल्द्वानीला महिलांच्या ट्रायथलॉनमध्ये महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने सुवर्णपदक जिंकलं आणि रौप्यपदकही महाराष्ट्राच्याच मानसी मोहितेने! अंतर तेच, स्प्रिंटचं. डॉलीने ते सव्वा तासाच्या आत संपवलं. मला त्याच्या दुप्पट वेळ लागला तरी मी पेढे वाटणार आहे. मिलिंद सोमण तुम्हांला ठाऊक असतील. ते लहानपणापासूनचे पोहणारे आणि राष्ट्रीय विजेते. २०१५ साली, पन्नाशीला काही महिने उरले असताना, त्यांनी झ्युरिकला आयर्नमॅन पुरी केली. वेळ लागला पंधरा तासांहून जास्त. आपल्या शेजारी गोव्यात २०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा अर्ध्या अंतराची आयर्नमॅन झाली. तिथे समुद्रात पोहायचं असतं.

तेव्हा हा खेळ लांबच्या गोऱ्या लोकांचा, लाख-लाख रुपयांच्या सायकलींचा, असं वाटत असेल तर तो समज जरा बाजूला ठेवा.

विहिरीतलं पोहणं आणि शर्यतीतलं पोहणं

बारामती-इंदापूर म्हणजे पाण्याचे तालुके. वर भीमेवरच्या उजनी धरणाचा अफाट जलाशय, खाली नीरा नदी, मध्ये इंग्रजांच्या काळातला नीरा डावा कालवा आणि शेताशेतात विहिरी. आपल्याकडची मुलं विहिरीतच शिकतात. पाठीला डबा, वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधायचं आणि काकाने वरून ढकलून द्यायचं! हल्ली ट्यूब आली, पण ढकलणारा काका तोच. आठवड्याभरात पोरगं सूर मारायला आणि मुटका टाकायला लागतं.

पण विहिरीत आपण पोहतो कसे, आठवा. डोकं पाण्याबाहेर ताठ. दोस्तांशी गप्पा चालू. पाच-सात हात मारले की समोर कठडा येतोच, धरला की झालं. ७५० मीटरला हे चालत नाही. का, ते सांगते.

आपलं शरीर पाण्यात सी-सॉसारखं असतं. छातीत फुप्फुसं, त्यांत हवा, म्हणून छाती तरंगते. पाय जड, ते बुडायला बघतात. आता डोकं वर उचललं की दुसऱ्या टोकाचे पाय खाली जातात. पाय खाली गेले की अंग तिरकं होतं आणि सगळं पाणी अंगावर घेत पुढे ढकलावं लागतं. उघड्या छत्रीने वाऱ्यात चालण्यासारखं! म्हणून शर्यतीत चेहरा पाण्यात ठेवतात, नजर तळाकडे, आणि श्वासासाठी मान फक्त कुशीला वळवतात. एक कान पाण्यातच.

आणि श्वास! सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. नवशिका माणूस चेहरा पाण्यात गेला की श्वास धरून ठेवतो. मग मान वळवल्यावर त्या अर्ध्या क्षणात जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची, दोन्ही कामं. ती होत नाहीत. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, जीव घुसमटतो आणि माणूस घाबरून उभा राहतो. उपाय सोपा आहे. पाण्याखाली असताना नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडत राहायचे, मान वळवली की फक्त आत घ्यायचं. पहिले आठ दिवस मी कमरेइतक्या पाण्यात कठडा धरून फक्त बुडबुडे सोडले. शेजारी पाच-सहा वर्षांची पिलावळ तेच करत होती. त्यांनी मला नावही दिलं, 'बुडबुड आजी'. पस्तिशीत आजी, असो.

आमचा तलाव २५ मीटरचा. म्हणजे ७५० मीटरसाठी तीस वेळा इकडून तिकडे. पहिल्या आठवड्यात एक फेरी झाली की श्वास शांत होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. अशा आठ. पुढे थांबणं कमी करत जायचं आणि फेऱ्या हळूहळू वाढवायच्या. वेगाचा विचार पहिले दोन महिने करायचाच नाही, असं आमच्या तलावावरच्या शिक्षकांनी बजावून ठेवलंय.

आता एक गंभीर गोष्ट. २१ मे २०२४ ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात सापडली आणि उजनीच्या जलाशयात उलटली. सहा जण गेले, त्यात अगदी लहान मुलंही होती. एक जण पोहत काठाला लागला. काठावरच्या गावांत ते दिवस कसे गेले असतील, हे सांगायला नको.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच काठावरच्या गावातली. आता नववीत आहे. पोहण्यात पोरगी मासोळी! आजोबांच्या होडीतून उड्या मारत शिकलेली. त्या घटनेनंतर आईने तिचं पाण्यात जाणं बंद केलं. मी ट्रायथलॉनची तयारी करते आहे हे तिच्या कानावर गेलं आणि ती मला भेटायला आली. म्हणाली, "बाई, मलाबी करायचंय. पण आई पाण्याचं नाव काढू देत नाही."

मी घरी गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या, "बाई, पोहणाराच बुडतो."

खोटं कसं म्हणायचं? पोहता येतं म्हणून माणूस खोल पाण्यात जातो, एकटा जातो, दिवस मावळताना जातो. उजनीच्या पाण्याखाली काय काय आहे! धरण झालं तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे, मासेमारीची जाळी, गुडघा-गुडघा गाळ. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, ते तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. शिवाय वारा सुटला की त्या पाण्यावर लाटा उठतात. पाणीही स्वच्छ नाही, पुण्याकडचं सांडपाणी नद्यांतून तिथेच येतं. कालव्याची तर वेगळीच तऱ्हा. वरून पाणी शांत दिसतं, आत ओढ असते, आणि अस्तर केलेल्या गुळगुळीत काठाला हाताने धरायला काही नसतं. दर उन्हाळ्यात पेपरात कुठली ना कुठली बातमी येतेच.

म्हणून मी त्यांना म्हटलं, "ताई, उजनीत नको, कालव्यात नको. तलावावर या. तुम्ही स्वतः या, काठावर बसा. नाही पटलं तर पोरीला घेऊन परत जा."

रविवारी सकाळी मायलेकी एस.टी.ने आल्या. आईंनी आधी सगळा तलाव फिरून पाहिला. जीवरक्षक कोण, त्याला पोहता येतं का (हो, त्यांनी हे विचारलं!), रबरी चाक कुठे टांगलंय, खोल बाजू कुठली. मग भिंतीला पाठ लावून बसल्या. पहिला अर्धा तास पदराचं टोक मुठीत घट्ट होतं. नंतर पिशवीतून त्यांनी मूठभर चिंचोके काढले. लेकीची एक फेरी झाली की एक चिंचोका उजवीकडून डावीकडे. मी माझ्या फेऱ्या मोजताना दहाच्या पुढे हमखास गोंधळते, त्यांचा हिशोब मात्र चुकत नाही.

उजनीत पोहायला त्यांनी अजून परवानगी दिलेली नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. आपण ज्या स्पर्धेत उतरणार तिथे पोहण्याचा टप्पा तलावात असेल तर प्रश्नच नाही. उघड्या पाण्यात असेल तर संयोजकांच्या होड्या, जीवरक्षक, रंगीत टोप्या असा सगळा बंदोबस्त असायला हवा. तो आहे का हे आधी विचारायचं, मगच नाव द्यायचं. उघड्या पाण्यात आणखी एक भानगड असते. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, इथे काहीच दिसत नाही. म्हणून दर सात-आठ हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे वर काढायचे, समोरची खूण पाहायची आणि पुन्हा चेहरा आत. ही युक्ती तलावातही शिकता येते.

कॅरिअरची सायकल चालेल का?

चालेल. पहिल्या वेळेला कुठलीही धडकी सायकल चालते, फक्त ब्रेक शाबूत हवेत. आमच्या या मुलीची सायकल पुढे टोपली असलेली आहे. टोपली काढूया म्हटलं तर म्हणते, "पाण्याची बाटली कुठं ठेवू मग?" तेही खरंच!

दोन गोष्टी फुकटात होतात आणि त्यांनी सायकल निम्म्याने हलकी वाटते. एक, सीटची उंची. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक मुलं सीट फार खाली ठेवून चालवतात, मग गुडघे दुखतात. दुसरी, हवा. टायरच्या कडेला किती हवा भरायची तो आकडा छापलेला असतो, वाचून पाहा. आणि एक गोष्ट मात्र विकत घ्यावीच लागते, ती म्हणजे हेल्मेट. त्याशिवाय स्पर्धेत सायकलला हातसुद्धा लावू देत नाहीत.

रस्ता कुठला निवडायचा? पुणे-सोलापूर महामार्ग सोडा. पालखी मार्गही आता रुंद झालाय आणि त्यावर गाड्या भरधाव असतात. शिवाय कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या! दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेजारून गेला की सायकल हेलकावे खाते. त्यामुळे गावांना जोडणारे आतले रस्ते बरे, तेही उजाडल्यावर, मोठ्या माणसाबरोबर, मागे लाल रिफ्लेक्टर लावून.

आणि वारा! आमचा मुलूख सपाट, अडवायला डोंगर नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा येतो की इंदापूरकडून बारामतीकडे येताना वाटतं, कुणीतरी कॅरिअर धरून मागे ओढतंय. अशा वेळी जोर करू नये. पाय हलके फिरवत राहावे, वेग पडला तर पडू द्यावा. परतीला तोच वारा पाठीवर घेऊन येतो.

यावरून आठवलं. तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आमच्या याच वाटेने जाते. बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूर. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोडा धावतो, बघायला गर्दी उसळते. पण माझं लक्ष असतं ते दिंडीतल्या सत्तर-सत्तर वर्षांच्या आज्यांकडे. देहूपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. डोक्यावर तुळस, पायांत साध्या चपला. त्या कधी धावत नाहीत, कुणाला मागे टाकत नाहीत. पहिल्या दिवशी जी चाल, तीच पंधराव्या दिवशी. लांब पल्ल्याचं सगळं शास्त्र त्या आज्यांना पाठ आहे.

पायांत वीट

पळण्याचं वेगळं काय सांगायचं? बारामतीत पहाटे बाहेर पडा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली घोळक्याने पळताना दिसतील. भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. ते जोरात, छाती फुटेपर्यंत. आपलं पाच किलोमीटर वेगळं. यात ओळख अशी ठेवायची: पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. 'आज डब्यात काय आणलंस?' एवढं विचारताना धाप लागली तर वेग जास्त झाला, कमी करा. सुरुवातीला दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. चालण्याची लाज वाटायचं कारण नाही.

खरी मजा येते सायकलवरून उतरून पळताना. अहाहा! पाय आपले नसतातच. तासभर पेडलवर पाय गोल गोल फिरलेले असतात, त्यांना तीच सवय लागते. उतरल्याबरोबर त्यांना 'पळा' म्हटलं तर ते गोंधळतात. गुडघे वाकत नाहीत, पोटऱ्या दगड होतात. या सायकल-मग-पळण्याच्या सरावाला इंग्रजीत 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे चक्क वीट! आमचा विठोबा विटेवर उभा राहतो, इथे वीटच पायांत शिरते. आठवड्यातून एकदा, सायकल चालवून झाली की फक्त दहा मिनिटं पळायचं. तीन-चार आठवड्यांत पायांना ते समजतं आणि वीट जरा लवकर उतरते.

आणि या तीन खेळांत लपलेला एक चौथा खेळ आहे, बदलण्याचा! पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पळण्यावर जाताना जो वेळ जातो, तोही घड्याळात मोजला जातो. ओल्या पायात मोजा चढवून पाहा एकदा, म्हणजे कळेल. आम्ही याचा सराव शाळेच्या पटांगणात करतो. सायकल स्टँडवर, खाली टॉवेल, त्यावर बूट तोंडं उघडी करून, बुटांत थोडी पावडर, हँडलवर हेल्मेट उलटं टांगलेलं. नाडीच्या जागी इलॅस्टिक ओवलं की गाठ मारायची कटकट संपते. क्रम ठरलेला: हेल्मेट डोक्यावर, पट्टा बंद, मगच सायकलला हात. परतल्यावर सायकल जागेवर लावेपर्यंत पट्टा उघडायचा नाही. नियमच आहे तसा, मोडला तर दंड होतो. चौथीची मुलं माझ्यावर घड्याळ लावून बसतात. "बाई, दोन मिनिटं चाळीस सेकंद! आज पण नापास!" वर्गातले सगळे हिशोब ती अशी चुकते करतात.

आता ती पाण्याची गोष्ट. २०१६ च्या सप्टेंबरात मेक्सिकोत कोझुमेल इथे मोठी स्पर्धा होती. इंग्लंडचा जॉनी ब्राउनली पुढे होता, शेवटची रेषा काहीशे मीटरवर. आणि उन्हाने तो अक्षरशः झोकांड्या खाऊ लागला. मागून त्याचा सख्खा भाऊ अ‍ॅलिस्टर आला. त्याने स्वतःची शर्यत सोडून भावाच्या काखेत हात घातला, ओढत नेलं आणि रेषेपलीकडे ढकललं. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन पुढे निघून पहिला आला. जॉनी दुसरा, अ‍ॅलिस्टर तिसरा. जॉनी काही नवशिका नव्हता, ऑलिंपिकची पदकं जिंकलेला खेळाडू होता तो. उन्हाला ओळख नसते.

आमच्याकडचा एप्रिल-मे तुम्हांला माहीत आहे. त्या दिवसांत सराव पहाटेच उरकायचा आणि नऊनंतर घरात. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यायचं. नुसतं पाणीच नाही, घामातून मीठही जातं, म्हणून लिंबू, मीठ, साखर घातलेलं सरबत. महागड्या बाटल्यांतलं रंगीत पाणी लागत नाही. खायला म्हणाल तर भाकरी, दूध, केळं, गूळ-शेंगदाणे, खजूर, अंडी. चक्कर आली, अंगावर काटा आला, घाम थांबला, तर लगेच सावलीत थांबायचं आणि कुणाला तरी सांगायचं. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

माझा आठवडा सांगू? दोनदा पोहणं, दोनदा सायकल, दोनदा पळणं आणि एक दिवस सक्तीची सुट्टी. तुम्ही मुलांनी यापेक्षा कमीच करायचं. शाळा, अभ्यास, घरची कामं असतातच, आणि तुमची हाडं अजून वाढताहेत. मुलांच्या स्पर्धांत अंतरंही पुष्कळ कमी असतात आणि वयाची अट असते. नाव देण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि घरी सांगा. लपून सराव नको, विशेषतः पाण्याचा.

काही स्पर्धांत तिघांचा संघही चालतो. एकाने पोहायचं, दुसऱ्याने सायकल, तिसऱ्याने पळायचं. वर्गात एक मासोळी, एक सायकलवाला आणि एक पळपुटा असला की झाला संघ तयार!

आणि जिथे तलावच नाही, तिथल्या मुलांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ड्युएथलॉन नावाचा प्रकार आहे. पळणं, सायकल आणि पुन्हा पळणं. शाळेच्या पटांगणात जमतं. एक किलोमीटर पळा, चार किलोमीटर सायकल, मग पुन्हा अर्धा किलोमीटर पळा. आमच्या शाळेच्या मैदानाभोवती एक फेरी अडीचशे मीटरची भरते, तुमच्या मैदानाची दोरीने मोजून घ्या. फेऱ्या मोजायला एखाद्याला चिंचोके देऊन बसवा. गुरुजींना किंवा बाईंना शिट्टी द्या. आणि हो, टायरमधली हवा आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवा. रविवारी सकाळी सातला पंक्चरचं दुकान उघडलेलं नसतं.